मागून पाहिलेली मेंढरं

आबा गेले त्या सकाळी गावात निरोप फिरला तो असा : "जपान गेला." माझ्या सासरची परभणीची माणसं मयताला आली होती, त्यांना काही उमगेना. कोणी विचारायचं, म्हणून सगळे एकमेकांकडं बघत. शेवटी एका चुलत दिरानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, तुमचे वडील जपानला होते का?" आबा जन्मात नांदेडच्या पलीकडं गेलेले नव्हते. मी म्हटलं, "नाही. ते नाव माझ्यापायी पडलं." आणि आत निघून गेले, कारण पुढचं सांगायला तोंड नव्हतं. आता केस पिकायला लागलेत, सांगितलं तर आबांना त्रास व्हायचा नाही आणि मला जो व्हायचा तो होऊ दे.

आमच्या अख्ख्या भावकीत बी.ए. झालेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताच सांगते. ती पदवी कोणी वशिल्यानं दिलेली नाही, तेव्हा सांगायला मला लाज वाटत नाही. लाज मला वेगळ्याच गोष्टींची वाटायची, आणि त्यातली पहिली म्हणजे वासाची. आमचं घर मेंढरांचं. जिंतूरच्या वरच्या अंगाला माळावर गाव, दोन खोल्या, पुढं पडवी, मागं काट्याच्या कुपात मेंढरं. सुगी निघाली की शेतकरी आपल्या मोकळ्या रानात आमची मेंढरं बसवून घ्यायचे. रातभर कळप तिथं बसला की लेंड्यांचं खत होतं, त्याबदल्यात ज्वारी मिळे, तूर मिळे. म्हणजे सोयाबीन निघाल्यापासून रब्बीची पेरणी होईस्तोवर आमचं घर आज याच्या रानात, उद्या त्याच्या. माय तीन दगडांवर तवा ठेवी आणि वारा कुठूनही येवो, भाकरी फुगायचीच. मेंढीच्या दुधात कालची भाकरी कुस्करून आणि वर चिमूटभर मीठ घालून खाल्लेली चव मला अजून कुठल्या लग्नातल्या बासुंदीत सापडलेली नाही. पण ते दूध, ती लोकर, ते घोंगडं, सगळ्याचा मिळून एक वास असतो आणि तो साबणाला दाद देत नाही. जिंतूरला मावशीकडं शाळेला राहिले तेव्हा बाकावरची पोरगी थोडी सरकून बसायची. ती काही बोलायची नाही, पण सरकायची.

आवाजाचंही तसंच. संध्याकाळी मेंढरं माळावरून परतली की घरी डांबलेली कोकरं एकदम ओरडायला लागत, मेंढ्या तिकडून ओरडत, आणि त्या गलक्यात प्रत्येक कोकरू आपल्याच आईच्या कासेला बिनचूक जाऊन भिडे. त्या गलक्यावर आवाज चढवून आबा आणि माय संसाराच्या गोष्टी बोलत, त्यामुळं आमच्या घरात हळू बोलणं कोणाला ठाऊकच नाही. पुढं परभणीला मुलींच्या हॉस्टेलवर माझ्या खोलीत पूर्णा गावची शीतल होती, वडील रेल्वेत, घरी पंखा-फ्रीज सगळं. ती कानावर हात ठेवून म्हणायची, "कौसे, मी इथंच हाय गं, माळावर न्हाई."

कार्टूनचं वेड मावशीच्या टीव्हीनं लावलं. जपानी कार्टून, हिंदीत बोलणारं. मावशीची पोरं मारामारी बघत, मी दुसरंच बघायची. माझ्या लक्षात आलं की पोरगा बोलतोय तेव्हा त्याचं फक्त तोंड हलतंय, गाल नाही, मान नाही. धावतोय म्हणावं तर तो जागच्या जागी आणि मागचा डोंगरच सरकतोय. मंगळवारी जी उडी मारली तीच उडी शुक्रवारी, शर्टाच्या सुरकुतीसकट. आणि मग कधीतरी, कुठल्याशा भागात, एखादी म्हातारी दोन हातांनी चादर झटकून घडी घालायची, आणि ती चादर खरी! हवा तिच्याखाली शिरायची, टोक मागून यायचं, म्हातारीचा खांदा जरासा खाली जायचा. एवढंच दृश्य. मी भाकरी हातात धरून बसायची. मावशी म्हणायची, "गिळ की. त्या चादरीत काय सोनं बांधलंय?" मला सांगता यायचं नाही. पण कोणीतरी कुठंतरी बसून ही चादर चित्रा-चित्रानं हलवली आहे आणि त्यानं आधी खऱ्या चादरीकडं नीट बघितलं आहे, एवढं मला शब्दांवाचून कळत होतं.

शब्द मिळाले ते परभणीला, बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत. शीतल चॅटिंगला जायची, मला सोबत म्हणून न्यायची. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कोणा इंजिनीअरिंगच्या पोरानं जपानी कार्टूनचे ढीगभर भाग भरून ठेवलेले. त्याला ॲनिमे म्हणतात हे तिथं कळलं. वीस वर्षांची घोडी झालेली मी, कॅफेवाल्या भाईंना वाटू नये की ही कार्टून बघते, म्हणून खिडकी बारीक करून बघायची. त्या प्लेअरला एक बटण होतं, दाबलं की चित्र एकेक घर, म्हणजे एकेक फ्रेम, पुढं सरकायचं. सेकंदाला चोवीस घरं. स्वस्तातलं काम असलं की एकच चित्र तीन-तीन घरं बसून राहतं. मेहनतीचं असलं की प्रत्येक घराला काहीतरी हललेलं असतं. त्या बटणावर माझं बोट बसलं ते बसलंच.

मग इंटरनेटवर याच विषयाची चर्चा करणारा एक ग्रुप सापडला. मुंबई, बंगलोर, दिल्ली, कुठकुठची पोरं. मी तिथं नावाच्या जागी नुसतं 'के' लावलं. इंग्रजी मोडकं, पण चूक पकडायला इंग्रजी फार लागत नाही. "बादली उचलली, पण खांद्यावर वजन आलं नाही." "पावसात सगळे भिजले, केस कोरडे." असं लिहायची आणि घराचा नंबरही द्यायची, म्हणजे हवं त्यानं थांबवून बघावं. मी म्हातारीच्या चादरीबद्दलही एकदा लिहिलं होतं, जीव लावून लिहिलं होतं. त्यावर कोणी फिरकलं नाही. चूक काढली की मात्र झुंड जमायची. तेव्हा मी चुकाच काढायला लागले. हळूहळू असं झालं की नवीन काही आलं की लोक लिहीत, "के काय म्हणतो बघू." मी पोरगा आहे आणि पुण्याचा आहे असं त्यांनी आपसूक धरलं होतं. मी तसं कधी लिहिलं नाही, आणि खोडलंही नाही. माझ्या अंगाला तिथं वास नव्हता. माझ्या बाकावरून तिथं कोणी सरकत नव्हतं.

एक दिवस ग्रुपमध्ये एका सिनेमातला तुकडा आला. संध्याकाळचा उतार, आणि वरून मेंढ्या येतायत. बस. ना संवाद, ना गाणं, कॅमेरा जागचा हलत नाही, नुसत्या मेंढ्या निवांत चालत खाली येतात. खाली सगळे लिहीत होते, मेंढ्यांचं असं चालणं आजवर कोणी काढलं नाही. मला काय झालं कोण जाणे. कुपाची आठवण आली, कोकरांची आली. आणि त्याच क्षणी बोट बटणावर गेलं. एकेक घर सरकवत गेले तर मेंढी आधी मागचा डावा पाय टाकत होती आणि लगेच पुढचा डावा. मग मागचा उजवा, लगेच पुढचा उजवा. एका अंगाचे दोन्ही पाय, एकामागं एक. मी लिहिलं, "हे उंटाचं चालणं आहे. मेंढी तिरके पाय टाकते, पुढचा उजवा आणि मागचा डावा संगतीनं. चित्र सुंदर, चाल चूक."

रण माजलं. ग्रुपमध्ये एक जण होता, फोटोच्या जागी कावळा लावलेला, म्हणून मी त्याला मनात कावळाच म्हणायची. त्यानं लिहिलं, "पुण्यात मेंढ्या कुठं बघितल्यास रे?" पुढं हसायची चित्रं. आजही मला ती ओळ दिसते. ज्या गोष्टीची आजवर लाज वाटत होती तीच मी तलवारीसारखी उपसली. मी लिहिलं, "मी मुलगी आहे, परभणी जिल्ह्यातली आहे, माझ्या घरी मेंढ्या आहेत, माझा आजा, पणजा, सगळे मेंढरामागं चालले. मला शिकवू नका." मग कावळ्यानं लिहिलं, "मग व्हिडिओ टाक ना. साबित कर."

मी आधी आबांची गवाही घ्यायचं ठरवलं. गावात किराणा दुकानावर फोन होता. निरोप दिला, अर्ध्या तासानं परत लावला तर आबा आधीच रिसीव्हर कानाला लावून ओरडत होते, "हालो! हालो! काय झालं गं? ताप हाय का?"

"न्हाई आबा. एक विचारायचंय. मेंढी चालताना पाय कसे टाकते?"

"आं?"

"पाय, पाय! पुढचा उजवा टाकला की संगं मागचा कोणता?"

मागं दुकानात कोणीतरी हसलं. आबा म्हणाले, "ह्याच्यासाठी फोन लावलास व्हय? तिरपे टाकती. उजव्याला डावा. लेकराला बी मालूम हाय."

"पक्कं?"

"कौसे, जन्म गेला माझा मेंढरामागं. कोण इचारायलंय?"

मी सांगितलं की जपानच्या माणसानं मेंढ्यांचं चित्र काढलंय, एका अंगाचे पाय टाकणाऱ्या. आबा मोठ्यानं हसले. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना फोनवर कधी हसताना ऐकलं नव्हतं. "मंग सांग त्यायला," म्हणाले, "म्हणावं माझा बाप म्हणायलाय, चुकलंय तुमचं." मी ते ग्रुपवर तसंच लिहिलं. त्यात काही वाईट केलं असं तेव्हा वाटलं नाही. उलट छाती भरून आली होती.

व्हिडिओसाठी शीतलचा कॅमेऱ्याचा फोन मागून घेतला आणि शनिवारी गावी गेले. फाट्यावर एसटीतून उतरले तर हॉटेलच्या बाकड्यावरून आवाज आला, "आली, जपानची पोरगी आली!" मला वाटलं माझी टर उडवायलेत. पण ते कौतुक होतं. आबांनी दुकानातून निघून सरळ हॉटेल गाठलं होतं आणि सांगितलं होतं की जपानवाल्यांनी मेंढरांच्या बाबतीत त्यांचा सल्ला घेतला आणि चूक कबूल केली. कबूल केल्याचं मी कधी म्हटलं नव्हतं, पण फाट्यावरून गोष्ट घरी पोचेस्तोवर एवढं तर वाढतंच. सोपानकाका म्हणून आमच्या भावकीतले, जिभेला हाड नसलेले, ते म्हणाले, "आता तुह्या बापाला आमी जपानच म्हणायलोत. रामराम घालायचा झाला तर तिकीट काढावं लागतं." आबा शेजारीच बसले होते. मान खाली घालून बशीतला चहा फुंकत होते आणि मिशीत हसत होते. ज्या शेतकऱ्यांच्या रानात आमची मेंढरं बसायची ते आबांना 'ए मेंढक्या' म्हणत. त्या दिवशी त्यातल्याच एकानं आबांच्या चहाचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी शूटिंग. आबांनी धुतलेला रुमाल बांधला. माय म्हणाली, "मेंढराचे पाय काढायलीय ती, तुमचं डोस्कं न्हाई." तरी बांधला. आधी त्यांनी नेहमीसारखं मागून हाकलं, हुर्रर्र करून, आणि मेंढरं लगबगीनं माझ्यासमोरून गेली. मी म्हटलं, "आबा, सिनेमात हाकलत न्हाईत. निवांत येऊ द्या." मग ते लांब मागं थांबले आणि हळू आवाजात, जीभ टाळूला लावून, टक्-टक्, ये-ये, ये गं बाई, असं बोलत राहिले. आमच्या घरात हळू आवाज आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मेंढरं बांधावरून एकेक करत निवांत गेली. मी बाजूनं सगळं टिपलं. डोळ्यांना काही वेगळं दिसलं नाही. इतके पाय, कोण कोणता टाकतंय कळतच नाही.

सोमवारी कॅफेत पहिली फिल्म लावली, हाकललेली. घर, घर, घर. पुढचा उजवा, मागचा डावा, संगतीनं! मी खुर्चीत उडीच मारली. भाई म्हणाले, "क्या हुआ, रिझल्ट लगा क्या?" मग दुसरी लावली. घर. मागचा डावा उचलला. घर, घर. टेकला. पुढचा डावा उचलला. मला वाटलं ही मेंढी लंगडी असेल. तिच्या मागची बघितली. मागचा उजवा, पुढचा उजवा. तिच्या मागची, तशीच. त्या सगळ्या आमच्याच मेंढ्या होत्या, काहींची तर मी नावं ठेवलेली होती, आणि एकूण एक मेंढी जपानी मेंढीसारखी चालत होती. धावती झाली की तिरके पाय, निवांत चालली की एका अंगाचे. सिनेमातल्या मेंढ्या तर चालतच होत्या.

ज्या बटणानं मी जगाच्या चुका काढल्या त्याच बटणावर बोट ठेवून मी बसले होते. कान तापले. आधी वाटलं, कॅफेतल्या सगळ्यांना कळलं आहे. मग वाटलं, मेंढ्यांना कळलं आहे. मी ग्रुप उघडला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढंही कित्येक दिवस नाही. कावळा वाट बघून गप्प बसेल, बाकीचे विसरतील, असा हिशोब केला. पण आबांचं काय? शीतलला सगळं सांगितलं तर म्हणाली, "नको सांगू की त्यायला. कोण जपानला जायलंय तपासायला?" तिचं खरं होतं. तरी रोज सकाळी दात घासताना मला हॉटेलचं ते बाकडं दिसायचं आणि मिशीत हसणारे आबा.

शेवटी मी पातळ कागद आणला, पतंगाचा असतो तसला, तो कॉम्प्युटरच्या काचेवर धरला आणि आमच्या एका मेंढीचं चालणं घर-घर करत पेन्सिलीनं उतरवलं. भाई म्हणाले, "बेटी, काच फोडेगी." जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून त्यावर ती चित्रं चिकटवली, एका बाजूनं दोऱ्यानं शिवली. अंगठ्यानं फर्रकन सोडली की मेंढी चालायची. आयुष्यात मी केलेलं ते पहिलं ॲनिमेशन आणि शेवटचंही. केलं ते बापाला चूक ठरवायला.

भोगीला घरी गेले. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, खेंगटाची मिसळीची भाजी, वर लोण्याचा गोळा. आबांचं जेवण होऊ दिलं आणि पडवीत ती गड्डी त्यांच्या हातात दिली. आधी त्यांना ते खेळणंच वाटलं. फर्र, फर्र. "वा गं! चालायलीय की! अगं, बघ, ही तर आपली काळतोंडी!" चित्रावरून त्यांनी मेंढी ओळखली याचा मला किती आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "आबा, हळू बघा. एकेक पान. पाय बघा." त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि एकेक पान उलटलं. पुन्हा पहिल्यापासून उलटलं. मग गड्डी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, धावणं-चालणं, फिल्म, सगळं. ते म्हणाले, "कागदावर तू काढलंस. कसं बी काढता येतंय." आणि उठून गेले. मला ते बोलणं लागलं, आणि ते खरंही होतं.

सकाळी मेंढरं सोडली तेव्हा आबा मागं चालले नाहीत. पुढं गेले आणि बांधावर बसले. मेंढका मेंढरांपुढं बसलेला आमच्या गावानं कधी बघितला नव्हता. मागं कोणी नाही म्हटल्यावर कळप निवांत चालत आला, त्यांच्या अंगावरून गेला आणि तसाच निवांत सोपानकाकांच्या हरभऱ्यात शिरला. काका लांबून बोंबलत आले, "ए जपान! डोळे फुटले का रं? हरभरा खायलेत की!" माय काठी घेऊन पळाली. मीही पळाले. आबा जागचे हलले नव्हते. गुडघ्यावर हात ठेवून, मान तिरपी करून बघत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "चुकलं गं आपलं." थोड्या वेळानं म्हणाले, "मी जन्मभर मागून बघितलं. मागून नुसते ढुंगणं दिसतात, आन् हाकललं की ते पळतात." मग उठले, माती झटकली. "त्यो जपानवाला लय येळ बसला असंल मेंढरापुढं. त्याला कोणी हाकललं न्हाई, व्हय का?"

दुपारी ते हॉटेलला निघाले तेव्हा मी समजले आणि वाट अडवून उभी राहिले. म्हटलं, "आबा, कामून सांगायचं? कोणाचं काय अडलंय?" ते म्हणाले, "त्यांनी चहा पाजलाय गं मला, त्या गोष्टीवर." आणि गेले. मी मागोमाग. बाकड्यावर बसायच्या आधीच त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "जपानवाल्याचं बरोबर हाय. माझं चुकलं. मेंढी चालती तवा एका अंगाचे पाय टाकती." मग जो हशा उसळला तो मला आजही एसटीतून त्या फाट्यावर उतरताना ऐकू येतो. "मेंढक्याला मेंढी कळंना!" "आता जपानहून माणूस बोलवा, मेंढरं राखायला!" सोपानकाकांना तर हरभऱ्याचा दाखला ताजाच मिळाला होता. ज्यानं तेव्हा चहाचे पैसे दिले होते तो म्हणाला, "मंग माझा चहा परत कर." आबांनी कनवटीला हात घातला आणि खरंच पैसे काढून ठेवले. त्या दिवसापासून जपान हे नाव उलट्या अंगानं चालू झालं. चूक झाली कुणाची की, "काय, जपान झालं का?" आबा त्या नावाला ओ देत राहिले, शेवटपर्यंत.

पण त्या दुपारी माझं काळीज फाटलं ते त्या हशानं नाही. हशा ओसरल्यावर कोणीतरी विचारलं, "आन् पोरगी? तिनं तिकडं सांगितलं का, बाप चुकला म्हणून?" आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते सहज म्हणाले, "तिनं तर कवाच लिहून टाकलं असंल. शिकलेली हाय ती." आणि बशी उचलली. माझ्या हातातला चहा तसाच. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते, ग्रुपवर लोक 'के काय म्हणतो' म्हणून विचारायचे, आणि माझ्यानं त्या बाकड्यावर 'अजून नाही' एवढं बोलवलं नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं परभणी गाठली आणि पिशवी खांद्यालाच ठेवून कॅफेत शिरले. दोन्ही फिल्म्स टाकल्या आणि लिहिलं, "माझं चुकलं. माझ्या वडिलांचंही चुकलं. वडिलांनी गावात सांगितलं आहे, मी इथं सांगते. चाल बरोबर आहे, आणि ती काढणाऱ्याला माझा नमस्कार." आता तुटून पडतील, म्हणून छाती घट्ट करून बसले. तास गेला. दुसरा दिवस गेला. मध्यंतरी ग्रुप भलत्याच सिनेमावर गेला होता, कोणाला काही आठवतही नव्हतं. एकानं विचारलं, "कोणत्या मेंढ्या?" बस. आबांनी ज्या गोष्टीपायी आपली इज्जत हॉटेलात घालवली तिची इथं एवढीच किंमत. शेवटी कावळ्यानं लिहिलं, "ठीक. पण दुसऱ्या व्हिडिओत मागून ये-ये म्हणतंय ते कोण? काय आवाज आहे यार!"

माझी मुलगी आता मोबाइलवर ॲनिमे बघते आणि मला ओढून नेते, "आई, ॲनिमेशन बघ ना, सांग ना कसंय." मी बघते. चांगलं असलं तर चांगलं म्हणते. चूक वाटली तर म्हणते, "मला चूक वाटतंय, पण थांब, आधी खरं बघून येऊ." ती कंटाळते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

ग्रुपवर चूक कबूल केली त्याच आठवड्यात मी दुकानावर फोन लावला होता. आबा आले. हालो-हालो झालं. मग त्यांनी बाजूच्या माणसांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "लिहिलंस का? काय म्हणले मंग ते?"

मी खरं ते सांगितलं. "त्यांना तुमचा आवाज लय आवडला आबा. हळू बोलून मेंढरं बोलवता तो."

मग आबा नेहमीच्या आवाजात ओरडले, "आवाज? अगं, पाय बघायला सांगितले होते ना त्यायला!"